प्लेट ठेवायची कुठे

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. गडहिंग्लजच्या अलीकडे, हिरण्यकेशीच्या काठच्या एका गावात, एका शेतकरी घराच्या चुलीच्या राखेत अर्धवट जळालेली एक वस्तू सापडली. आकार विड्याच्या कोवळ्या पानाएवढा, रंग तांबूस काळा, एका कडेला तारेचा वळसा. घरातल्या एकीशिवाय कुणी तशी वस्तू पूर्वी पाहिली नव्हती, आणि ती एक गप्प राहिली. दुपारपर्यंत ती करणी असल्याचे ठरले. संशय घरातल्याच दुसऱ्या एका बाईवर आला.

ती वस्तू मी केलेली होती.

तेव्हा महाराजांची कारकीर्द चालू होती आणि लढाईही चालू होती. पुढे तिला महायुद्ध म्हणू लागले. आम्ही नुसते लढाई म्हणत असू. मी कोल्हापुरात महाद्वार रस्त्यालगतच्या एका बोळात, दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत काम करीत असे. त्याआधी एका साप्ताहिकात स्थानिक बातम्या लिहीत होतो. साप्ताहिक बंद पडले, आणि हात बारीक कामाला बरा म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतले. डोळ्यांनी पाहिलेले एकीकडे आणि कानांनी ऐकलेले दुसरीकडे लिहायचे, ही साप्ताहिकातली सवय राहिली. पुढच्या मजकुरातही तसेच केले आहे.

मागच्या खोलीतले काम असे. डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा मेणात ठसा घेत. त्यात मी प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती काढी. तिच्यावर मेणाची कवळी बसवून, दात लावून, सगळे एका पितळी साच्यात बंद करी. मग मेण वितळवून काढायचे, त्या जागी गंधक मिसळलेले रबर भरायचे आणि साचा वाफेच्या बंद भांड्यात शिजवायचा. रबर दगडासारखे टणक होऊन बाहेर येते. शिजताना बोळभर वास सुटे. शेजारचे अत्तरवाले त्या वेळेला दुकान बंद करून जेवायला जात.

गिऱ्हाइके बहुतेक म्हातारी. एक कीर्तनकार होते. त्यांच्या कवळीतून 'स' म्हटला की शीळ निघे, आणि ती काढायला मला चार वेळा कानस चालवावी लागली. शेवटी शीळ गेली तेव्हा ते म्हणाले, "आता पोरं झोपतील हो कीर्तनात." एक पैलवान होते, पुढचे दोन दात कुस्तीत गेलेले. मैदानात उतरताना ते दात वस्तादांच्या हातात देत आणि वस्ताद ते फेट्याच्या घडीत खोवत. एकदा कुस्ती निकाली झाल्यावर वस्तादांनी फेटाच उधळला. दात सापडले, पण प्रेक्षकांत बसलेल्या एका मामलेदाराच्या मांडीवर.

तरुण माणूस क्वचित येई. वाकडे दात सरळ करता येतात हे कोल्हापुरात फार थोड्यांना माहीत होते, आणि माहीत असणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते खरे वाटत नसे. बापूराव आले ते खरे वाटले म्हणून नव्हे. दुसरा उपाय उरला नव्हता म्हणून आले.

बापूराव पागेत चाबुकस्वार होते. बुजरी, खोडकर घोडी स्वारीला तयार करणे हे त्यांचे काम. बरोबर थोरली मुलगी तारा होती. तिचे वरचे दात इतके पुढे होते की ओठ मिटत नसत. बापूरावांनी खुर्चीवर न बसता उभ्यानेच हकिगत सांगितली.

"डॉक्टर, घोडं घेताना आमी आधी जबडा उघडून बघतो. तशीच ही माणसं येत्यात. पोर पाणी घेऊन भाईर आली की पयलं दात बघत्यात, आन पोह्यांची ताटली तशीच ठेवून उठत्यात. तीन जागी झालं. पोह्यांचं काय न्हाय वं, पण पोर आता पाणी न्याय तयार हुईना."

डॉक्टरांनी तिचे तोंड पाहिले. म्हणाले, "घोड्याचे दात मला सरळ करता येणार नाहीत. हिचे येतील."

दाढांभोवती पातळ पट्टीच्या अंगठ्या बसवायच्या, त्यांच्यात पुढून एक तार ओवायची, रेशमी धाग्याने एकेक दात त्या तारेला बांधायचा आणि दर काही आठवड्यांनी तार आवळायची. या कामाला वर्षाहून अधिक काळ लागला. तारेने ओठ सोलत, आवळल्यावर दोन दिवस भाकरी चावता येत नसे. ती आमटीत कुस्करून खाई. तारा तक्रार करीत नसे. एकदाच तिने डॉक्टरांना विचारले, "तार काढल्यावर दात परत आपल्या जागी जातील का?"

"तुझ्या मते त्यांची जागा कुठली?"

"जुनी," ती म्हणाली.

डॉक्टर मला म्हणाले की इतका बरोबर प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. तार काढल्यावर दात परत जायला निघतात. ते जाऊ नयेत म्हणून टाळूला चिकटून बसणारी, दातांच्या पुढून एक बारीक तार घेणारी रबराची प्लेट करतात. तिने दात हलत नाहीत. आहेत तिथे धरून ठेवले जातात. ती मी केली. तार काढली त्याच दिवशी डॉक्टरांनी ती ताराच्या तोंडात बसवली आणि सांगितले, "रात्रंदिवस लावायची. जेवताना काढायची, जेवण झालं की धुवून पुन्हा लावायची. वर्षभर तरी असं. मग नुसती रात्री."

बापूराव वाकून बघत होते. "म्हंजे कडियाळंच की हे," ते म्हणाले. कडियाळे म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा भाग. तेव्हापासून बापलेक त्या प्लेटला कडियाळेच म्हणत.

पुढच्या लगीनसराईत ताराचे लग्न झाले. मुलगा पलटणीत होता, रजेवर आला होता. लग्न करून तो परत गेला आणि थोड्याच दिवसांत त्याची पलटण बोटीने लढाईवर गेली. सासर गडहिंग्लजकडचे, घर खाऊनपिऊन सुखी. दात तारेने सरळ केले आहेत आणि मुलगी तोंडात प्लेट लावते, हे बापूरावांनी सासरी सांगितले नव्हते. डॉक्टरांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "दात सरळ हाईत, त्येनी सरळ बघितलं. मी खोटं काय बोललो?"

यानंतरची पहिली बातमी इमामभाईंकडून आली. इमामभाई नालबंद होते. पागेत त्यांना हंगामी काम असे. एरवी ते गावोगाव फिरून बैलांना आणि तट्टांना नाल मारीत. ते बापूरावांबरोबर दवाखान्यात आले आणि दारात चपला काढता काढताच बोलू लागले.

"डॉक्टरसाब, मी त्या गावात बैल पाडून नाल मारत हुतो. ह्यांची पोर कळशी घेऊन जाता जाता थांबली. म्हणाली, चाचा, बाबास्नी सांगा, कडियाळं जळालं. आन अक्काचं नाव येतंय, लवकर या. आता लोखंडाचं कडियाळं जळतंय कसं, मला कळंना. पण पोर रडत हुती, तवा फिरून विचारलो न्हाय."

गावात ऐकलेले त्यांनी पुढे सांगितले. त्या घरच्या चुलीत करणी सापडली आहे. अक्का म्हणजे घरची लेक, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. चूल आणि राख तिच्याकडे, म्हणून बोट तिच्याकडे. तिला चुलीला शिवू देत नाहीत. अमावास्येला देवऋषी येणार आहे, आणि त्याने नाव घेतले तर तिला घराबाहेर काढणार आहेत.

डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. वस्तू सापडून किती दिवस झाले, आणि अमावास्या कधी. मग माझ्याकडे वळले. "मॉडेल आहे?"

ताराच्या जबड्याची प्लास्टरची प्रतिकृती फळीवर होती. आम्ही ती टाकत नसू.

"नवी प्लेट कर आणि तू जा. आणखी महिना गेला तर पुन्हा तार बांधावी लागेल. सासरचे तिला वर्षभर इथे पाठवतील का?"

बापूराव म्हणाले, "परत पाठिवली तर कायमचीच पाठवतील."

दुसऱ्या दिवशी प्लेट घासून, चकचकीत करून तयार झाली. टांगा पागेतल्या ओळखीचा होता. निपाणीत मुक्काम केला. वाटेत बापूराव फारसे बोलले नाहीत. संकेश्वर मागे पडल्यावर म्हणाले, "आवाळूचं, हिरड्यांचं औषध म्हणून सांगा. दात पुढं हुतं त्ये काढू नका."

मी म्हटले, मी होऊन काही काढणार नाही. विचारले तर खोटे सांगणार नाही.

"म्हंजे सांगणारच."

"विचारलं तर."

त्यांनी घोड्याकडे पाहून चुचकारले.

घर गावाच्या वरच्या अंगाला होते. सासरे सोप्यात घोंगड्यावर बसले होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. "या पावणं, बसा," म्हणून त्यांनी गूळ-पाणी पुढे केले. बापूराव म्हणाले, ताराला बघायला आलो. आतून एका बाईचा आवाज आला, "तारा कोण? आमच्यात तारा न्हाय. सुभद्रा हाय." सासरी मुलीचे नाव बदलले होते, बापूराव विसरले होते. आवाज सासूबाईंचा होता. त्या बाहेर आल्या. घरात आणि गावात त्यांना अव्वा म्हणत, सरहद्दीकडची बोली. उंच, काटक, दात मशेरीने काळे पडलेले.

गोठ्याच्या दाराशी एक बाई गवताच्या पेंढ्या सोडवीत बसली होती. तिने मान वर केली नाही. त्या अक्का. तीन पावलांवर एक डालगे पालथे घातले होते आणि त्यावर कापलेले लिंबू होते.

आप्पांनीच विषय काढला. "पावणं, तुमी वाईट येळंला आलासा. घरात इपरीत घडलंय."

"इपरीत काय म्हणता," अव्वा म्हणाल्या, "माझा ल्योक लढाईवर हाय. दोन म्हैनं झालं, त्येचा कागूद न्हाय. आन हितं माझ्या चुलीत कुणीतरी तार पुरली. मी गप बसू व्हय?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. माझ्या बाजूने सांगायचे तर तोवर मी या गोष्टीकडे दातांची गोष्ट म्हणून पाहत होतो.

मी उठलो, डालगे उचलले आणि ती वस्तू हातात घेतली. आप्पा म्हणाले, "ठेवा खाली, पावणं." मी ती धोतराला पुसली. उजवी बाजू जळून फुगली होती, तार वाकली होती. डाव्या कडेला मी नेहमी करतो ती बारीक खाच शाबूत होती.

"ही मी केली आहे," मी म्हणालो.

मग आप्पांनी बसल्या जागेवरून पाय मागे घेत विचारले, "करणी? तुमी केलीसा?"

"आवो दातवालं हाईत ते," बापूराव घाईने म्हणाले. "कोल्लापुरात. दवाखान्यात. दात करत्यात ते!"

मी खिशातून नवी प्लेट काढली, पाण्याने धुतली आणि तळहातावर धरली. सोप्यात उजेड चांगला होता. जळकी आणि नवी शेजारी शेजारी धरल्यावर दोन्ही एकच वस्तू आहेत हे दिसत होते. अव्वांनी लांबूनच पाहिले.

"ही काय करती?"

"दात जागेवर धरते. टाळूला लागून बसते."

"कुणाच्याबी?"

"नाही. ती एकाच तोंडात बसते. ज्याच्या ठशावर केली त्याच्याच."

"मग ही कुणाच्या तोंडात बसती?"

प्रश्न आला होता. बापूराव जमिनीकडे पाहत होते. मी उत्तर देण्याआधी आतल्या दाराआडून आवाज आला.

"माझ्या."

तारा बाहेर आली. पदर कपाळाखाली ओढलेला होता. तिने माझ्या हातातून प्लेट घेतली, भिंतीकडे तोंड केले आणि ती बसवली. बसवताना खांदे आखडले. इतक्या दिवसांत दात थोडे हलले होते, प्लेट दाबून बसली. मग ती वळली. प्लेट नव्याने लावल्यावर बोलणे जड होते, तसे तिचे झाले होते.

"ते माझं हाय, अव्वा. राखंत मीच ठेवलतं. अक्कांचा काय संबंध न्हाय."

अव्वा म्हणाल्या, "राखंत? कशापाय?"

तारा थांबून थांबून बोलली. "जेवताना काढाय लागतं. तोंडातनं काढलं म्हंजे उष्टं. चुलीपाशी ठेवता येत न्हाय. भांड्यात ठेवता येत न्हाय. पदराला बांधलं तर पदर उष्टा, आन त्याच पदरानं तवा उतरायचा. परड्यात ठेवलं तर कुत्रं न्हेतंय. राखंला कुणाचंच उष्टं लागत न्हाय, सगळ्यांची भांडी तिनंच घासायची. म्हणून गार राखंच्या खापरीत ठेवायची. जेवलं की काढून, धुवून, परत लावायची. त्या दिवशी खापरीत निखारा ऱ्हायलेला."

"आन मग बोलली का न्हाईस?"

"बाबांनी सांगितलं न्हवतं. मी कसं सांगू?" मग म्हणाली, "अक्कांचं नाव आलं तवा चाचाकडनं निरोप धाडला."

अव्वा खांबाला टेकून खाली बसल्या. त्यांनी विचारले, "म्हंजे माझ्या पोराला काय न्हाय?"

"न्हाय, अव्वा."

"त्येच्या नावाचं काय न्हाय हे?"

"माझ्या दाताचं हाय."

अव्वांनी पदराने तोंड पुसले आणि बापूरावांकडे मोर्चा वळवला. "दात पुढं हुतं पोरीचं. सांगितलं न्हाईसा."

"सांगितलं असतं तर केली असती व्हय?"

"न्हवती केली," अव्वा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता केलीया."

आप्पांनी चिलीम हातात घेतली. "चाबुकस्वार, घोडं इकताना बी असंच करता व्हय तुमी?"

"मी इकत न्हाय, पावणं. शिकवतो नुसतं."

"शिकवा शिकवा," आप्पा म्हणाले. "पण खोड सांगत जावा."

एवढ्यावर भागले असते, पण प्लेटचा प्रश्न राहिला होता. अव्वांचे म्हणणे, दात सरळ झाले, आता ती प्लेट काढून टाका. मी सांगितले, इतक्यातच ते केसभर पुढे आले आहेत, उन्हाळ्यापर्यंत बरेच येतील, दिवाळीपर्यंत जुन्या जागी असतील. हाड नव्या जागी घट्ट व्हायला वेळ लागतो. माझे बोलणे त्यांना पटले नाही. आप्पांना पटले.

"आगं, डांब," ते म्हणाले. "कुंपणाचा वाकडा डांब सरळ केला, तर नुसता सोडून येतीस का? चारी बाजूनी टेका देतीस का न्हाय? माती बसंपतोर टेका काढाय येतोय व्हय?"

त्यानंतर अनेक वर्षे मी रोग्यांना हेच उदाहरण देत आलो आहे.

"बरं, लावू दे की," अव्वा म्हणाल्या. "मी न्हाय म्हणत न्हाय. पण ठेवायचं कुटं? चुलीपलीकडं देव हाईत. तोंडातलं भाईर काढून घरात ठेवायचं कुटं, ते सांगा. जेवताना काढायची, धुवायची, हे सांगितलासा. ठेवायची कुटं?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या. कोल्हापुरात आम्ही दिलेल्या सूचनांत वेळ होती, पाणी होते. जागा नव्हती. आप्पा चिलीम ठासत राहिले.

गोठ्याच्या दारातून अक्का बोलल्या. आम्ही आल्यापासूनचे त्यांचे हे पहिले बोलणे.

"अव्वा, तुजी मशेरी कुटं असती?"

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. मशेरी म्हणजे तव्यावर जाळून कुटलेली तंबाखू. आमच्या मुलखात बायका ती सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावतात. बोट डबीत जाते, तोंडात जाते, पुन्हा डबीत जाते. डबी परसदाराच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, असते. त्या डबीला कुणी उष्टी म्हटल्याचे मी तोवर ऐकले नव्हते, नंतरही ऐकले नाही.

"मशेरी येगळी," अव्वा म्हणाल्या.

"काय येगळी?"

अव्वा उठून आत गेल्या. आतून भांडे घासल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत होता. आप्पांची चिलीम पेटली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात मशेरीची पुडी होती आणि दुसऱ्या हातात चपट्या झाकणाची पितळी डबी, चिंचेने आणि राखेने घासलेली, ओली. पुडी त्यांनी कनवटीला लावली. डबी उंबऱ्यावर, तारासमोर ठेवली.

"परसदारच्या देवळीत हिची जागा. माझ्या डबीला ह्या घरात कुणी नाव ठेवलेलं न्हाय. ठेवलं तर मला सांगायचं."

मग गोठ्याकडे तोंड केले. "तू आत ये. चूल पेटीव. पावणं जेवल्याबिगर जायचं न्हाईत."

अक्का लगेच उठल्या नाहीत. हातातली पेंढी त्यांनी पूर्ण सोडवली, गवत म्हशीपुढे टाकले, हात झटकले. मग उठल्या आणि आमच्याकडे न पाहता आत गेल्या. अव्वा दारातून बाजूला झाल्या.

जेवायला भाकरी आणि वरण्याच्या दाण्यांची आमटी होती. पुरुषांची पंगत उठल्यावर बायका बसल्या. परसदारी हात धुताना देवळीत डबी दिसली. झाकण लावलेले होते.

जळकी प्लेट मला डॉक्टरांना दाखवायला न्यायची होती. आप्पांनी नेऊ दिली नाही. गैरसमज मिटला तरी लिंबू कापलेली वस्तू घरातून कुणाच्या खिशात जायला नको, असे त्यांचे म्हणणे पडले. परतताना हिरण्यकेशीच्या पात्रात त्यांच्यासमोर मी ती टाकली. देवऋषी ठरल्या दिवशी आला आणि त्याला जेवू घालून, हातावर नारळ ठेवून परत पाठवले, असे इमामभाईंनी पुढे सांगितले. मी ते पाहिलेले नाही.

ताराच्या नवऱ्याचा कागद उन्हाळ्यात आला. तो लढाई संपल्यावर परत आला, चालताना थोडा लंगडत. मला हे बापूरावांनी सांगितले. प्लेटची गोष्ट त्याला कुणी सांगितली आणि सांगितल्यावर तो काय म्हणाला, याची माहिती मिळाली नाही.

दवाखान्यात एक बदल झाला. डॉक्टर प्लेट देताना शेवटी विचारू लागले, "घरी ही ठेवणार कुठे?" लोक आधी हसत. मग विचारात पडत. एका भटजींनी विचार करून सांगितले की त्यांच्या घरात अशी जागाच नाही, आणि ते दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या कट्ट्यावरचा एक कोनाडा मागून आले. एका वकिलांनी 'खिशात' असे सांगितले आणि महिन्यात तिच्यावर बसून ती मोडली. आम्ही प्रत्येकाला एक डबी द्यावी असे मी सुचवले होते. डॉक्टर म्हणाले, "डबी आपण दिली तर ती दवाखान्याची होईल. घरातली हवी." मला तेव्हा हे पटले नव्हते. पुढे डॉक्टरांच्या पश्चात मी स्वतः काही वर्षे डब्या दिल्या. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत नंतर चुना सापडला.

महाराज जाण्याच्या आधीच्या दिवाळीनंतर अव्वा कोल्हापूरला आल्या. बरोबर अक्का होत्या. अव्वांचे वरचे दात पडले होते आणि खालचे दोन-तीनच उरले होते. खुर्चीवर बसताना त्यांनी डॉक्टरांना सांगितले, "मला सरळ नगोत. चावायपुरतं करा." ठसा घेताना त्या डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होत्या. मेण बाहेर काढल्यावर म्हणाल्या, "ह्येची चव राखेपरास वंगाळ हाय."

कवळी तयार झाली. बसवली. अव्वांनी अक्कांना तोंड दाखवले. अक्का म्हणाल्या, "तरणी दिसाय लागलीस की."

"गप," अव्वा म्हणाल्या, आणि आरशासाठी हात पुढे केला.

निजताना काढून, धुवून ठेवायची, असे मी सांगितले. ठेवणार कुठे, हे विचारायची वेळ आली नाही. अव्वांनी कनवटीतून एक पितळी डबी काढून मेजावर ठेवली. डबी नवी होती. झाकणावर तांबटाचे ठोके अजून दिसत होते.

मी जुनीबद्दल विचारले.

"ती सुभद्रीकडं हाय," अव्वा म्हणाल्या. "निजताना लावती, उठली की डबीत."